शेजारच्या काकूंना, घर दाखवण्याजोगं करून दिल्याबद्दल

काकू, सप्रेम नमस्कार.

हे पत्र नात तुम्हाला वाचून दाखवेल आणि अर्ध्यातच तुम्ही "बस कर वो" म्हणाल, हे ठाऊक आहे. तरी चारचौघांसमोर लिहितोय, कारण समोरासमोर आभार मानले की तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय तिथेच संपतो.

आई गेल्यापासून घर बंद होतं. विकायचं ठरलं, ताईनेही होकार दिला, आणि ज्याच्या त्याच्या सूचना सुरू झाल्या. तालुक्याच्या पेंटरने तर भिंतींना पुट्टी आणि वर प्लॅस्टिक पेंट असा हिशेबच मांडला. तुम्ही सपरीत तूर पाखडत होतात. सूप बाजूला ठेवून उठलात आणि जोत्याजवळचा सिमेंटचा जुना गिलावा बोटाच्या पेराने वाजवून पाहिलात. ढबढब आवाज आला. "मातीच्या भितीले सिमिट धरते काय? ओल आत कोंडते अन् भित सडते." पोपडा ओढला तर मागची माती भुगा होऊन हातात आली. पेंटरने चहा घेतला आणि गेला.

मग जे झालं ते गावातल्या नव्या पोरांनी पाहायला हवं होतं. पांढरी माती, गव्हाचं कुटार आणि शेण असा गारा तुम्ही पायाने मळून मुरत ठेवायला लावलात आणि मगच भिंत छाबायला घेतलीत. कळीचा चुना ड्रममध्ये टाकला तेव्हा पाणी असं खदखदलं की मी मागे सरलो. तुम्ही हसलात. तो निवल्यावर जुन्या लुगड्यातून गाळून घेतलात, डिंकाचं पाणी घातलंत, आणि चिमूटभर नीळ. पहिला हात मारल्यावर भिंत मळकटच दिसत होती, मी तोंड पाडलं. "वाळू दे ना बाप्पा," एवढंच म्हणालात. दुपारच्या उन्हात ती वाळली आणि माजघरात न लावलेला दिवा लागल्यासारखं झालं.

कवेलू फेरायला तुमचा मुलगा चढला. वानरांनी सरकवलेले, फुटलेले कवेलू त्याने बदलले. तुम्ही खाली माजघरात उभ्या राहून, जिथून उजेडाची तिरीप दिसेल तिथे "अजून डावीकडं" ओरडत होतात.

खरं डोकं चाललं ते सामानावर. कोठ्यात डवरा, तिफण, जू, तुटकी बंडी, माजघरात धान्य साठवायची ढोली, आईच्या ट्रंका. मला काहीच हलवावंसं वाटत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "घेणाऱ्याले तुह्या आठोनी नाही दिसत बाबू, जागा दिसते." वापरात येतील ती अवजारं कास्तकारांकडे गेली, ट्रंका ताईने नेल्या. सांदवाडीतला, म्हणजे परसातला, कडुलिंब मात्र तोडू दिला नाहीत. बरं झालं. मे महिन्यात विदर्भात घर पाहायला येणारा माणूस सावली शोधतच आत येतो.

आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. मागच्या दाराच्या चौकटीला उधई लागली होती, उत्तरेच्या कोपऱ्यात भेग होती. भेगेवर चुना फासून कपाट सरकवा, असा सल्ला मला भल्या भल्या माणसांनी दिला. घर पाहायला मास्तर आणि त्यांची आई आल्या तेव्हा तुम्हीच त्यांना सरळ त्या कोपऱ्यात नेलंत. काळ्या जमिनीवरचं घर आहे, उन्हाळ्यात माती आकसते तशी भेग उघडते, पावसाळ्यात माती फुगली की मिटते, वर्षानुवर्षं एवढीच आहे, असं सांगितलंत. चौकटीवर पळी आपटून पोकळ आवाज ऐकवलात आणि सागाची नवी चौकट घालावी लागेल हेही बोलून टाकलंत. माझा जीव खालीवर. पण मास्तरांच्या आई त्यानंतर तुमच्याशीच बोलायला लागल्या, विहिरीला वैशाखात पाणी किती राहतं, शेजार कसा आहे. भाव करताना चौकटीचे पैसे त्यांनी कमी केले आणि बाकी कुठेच घासाघीस केली नाही.

कागदांचं कामही तुम्हीच आठवणीने करायला लावलंत. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, होता, पण त्यावर अजून बाबांचंच नाव. वारसांत ताईचंही नाव लावून घेतलं. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली, त्याची सनद, म्हणजे घराच्या मालकीचा कागद, ग्रामपंचायतीत पडून होती. तुमच्या मुलाने निरोप दिला नसता तर मला पत्ताही लागला नसता. मास्तरांनी सगळ्यात आधी तीच मागितली.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. ढोली तेवढी मागितलीत, तीही लाजत. ती तुमचीच आहे, गाडी मिळेल तेव्हा मुलाला न्यायला सांगा.

इसार झाला आहे. तुमच्या अंगणातलं पावसाचं पाणी आमच्या सांदवाडीतून नालीने जातं, ते तसंच जाऊ द्यायचं, हे मास्तरांना आधीच सांगितलं होतं. इसारपावतीत लिहून घेतलं आहे, खरेदीखतातही घालायला लावतो. नात हे वाचत असेल तर तिला म्हणा, हा भाग दोनदा वाच.

तुमचा,
शेजारचा बाबू