देवराईतली वठलेली खोडे राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देवरायांचे सुशोभीकरण निघाले की पायवाटेवर फरशी येते, सभामंडप वाढतो आणि वठलेली झाडे 'धोकादायक' ठरून सर्वांत आधी जातात. ज्या झाडाला देवाच्या धाकाने पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावला नाही, ते ठेकेदाराच्या करवतीखाली अर्ध्या तासात आडवे होते. चहूबाजूंनी भातखाचरे आणि तुरीची रानं असलेल्या एखाद्या एकराच्या राईत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या व गांधीलमाश्यांना घरटी करायला जागा उरते ती याच लाकडात. त्यांतल्या बहुतेकींना स्वतः भोक पाडता येत नाही. लाकूड पोखरणारे भुंगेरे बाहेर पडले की मागे राहिलेल्या भोकांत त्या अंडी घालतात. भोकाचे तोंड पानांच्या तुकड्यांनी बंद असेल तर ती पानकापी माशी. मातीने लिंपलेले असेल तर बहुधा गांधीलमाशी. गवताच्या काड्यांचा झुपका बाहेर डोकावत असेल तर पिलांसाठी नाकतोडे, रातकिडे साठवणारी गांधीलमाशी. राखायला पोळे नसल्याने या सहसा डसत नाहीत.

वाटेवरचे झाड खरेच पडायला आले असेल, तर फांद्या उतरवून दोन-तीन मीटर खोड उभे ठेवता येते. कापलेले ओंडके राईतच टाकावेत.

शेताशी याचा संबंध थेट आहे. तागाचे बी धरायचे तर त्याच्या फुलाची पाकळी दाबून उघडणारी दणकट माशी लागते. ते काम पानकापी माशी आणि लाकडातच राहणारा मोठा काळा भुंगा करतात. तुरीचे परपरागीभवनही मुख्यतः याच करतात. मातीने दार लिंपणाऱ्या कित्येक गांधीलमाश्या पिकांवरच्या अळ्या घरट्यात भरतात. पण यांतल्या लहान माश्यांची धाव काहीशे मीटरच असते, म्हणून राई गेली की लांबचे जंगल उपयोगी पडत नाही. पानाच्या कडेला गोल, स्वच्छ काप दिसला की अळी समजून फवारणी होते. तो काप पानकापीचा; त्याने पिकाचे नुकसान होत नाही. फवारायचेच असेल तर सूर्यास्तानंतर.

खोड आधीच गेले असेल तर बांबूच्या नळ्या काही अंशी चालतात. नळी १५ ते २० सेंमी लांब, मागे पेर बंद, पुढचे तोंड घासून गुळगुळीत, आतला व्यास ४ ते १२ मिमी असा मिश्र. आखूड नळीत नरच जास्त निपजतात, कारण मादीची अंडी आत खोलवर आणि नराची तोंडाशी घातली जातात. वीसेक नळ्यांची मोळी छपराखाली, छातीच्या उंचीवर, आडवी व घट्ट बांधावी. तोंड पूर्वेला, म्हणजे पावसाचा झोत आत शिरत नाही. टांगायच्या तारेला ग्रीस लावले नाही तर मुंग्या सगळे फस्त करतात. प्लॅस्टिकच्या नळ्या नकोत. त्यांत दमट हवा कोंडते आणि पिलांसाठी साठवलेल्या परागाला बुरशी येते. बागांतून दिसणारे भलेमोठे 'कीटक हॉटेल'ही टाळावे. एका जागी इतकी घरटी दाटली की परजीवी माश्यांना ती आयतीच सापडतात. त्यापेक्षा चार लहान मोळ्या दूरदूर टांगाव्यात. माश्या बाहेर पडून गेल्यावर जुनी नळी टाकून नवी लावावी. तोंड बंद असलेली नळी मात्र राबात (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायच्या पालापाचोळ्यात) जाऊ देऊ नये, आत जिवंत कोष असतात.

आपला,
एक वाचक, भोर (जि. पुणे)