फिस्क विद्यापीठाविषयी मुलीस पत्र

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातल्या फिस्क विद्यापीठाचा उल्लेख तू पत्रात ओझरता केलास. त्या संस्थेचा इतिहास मात्र तुला नीट ठाऊक असावा, म्हणून हे लिहीत आहे.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५च्या डिसेंबरात, आणि लगेच जानेवारीत लष्कराच्या रिकाम्या बराकींत, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी ही शाळा उघडली. सात वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे अक्षर गिरवायला आले. गुलामांच्या बाजारातील गंजलेल्या बेड्या भंगारात विकून त्या पैशांतून अंकलिप्या घेतल्या, असे तिथे सांगतात.

पाच वर्षांत संस्था कर्जात बुडाली. खजिनदार जॉर्ज व्हाइट गाणेही शिकवत. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी ते नऊ विद्यार्थ्यांना घेऊन निधी गोळा करण्यास निघाले. आईबापांनी गुलामीत म्हटलेली भजने परक्यांपुढे गाण्यास ही मुले आधी बिचकत. पुढे त्याच भजनांनी श्रोत्यांना जिंकले. आरंभीच्या एका कार्यक्रमाचे जेमतेम पन्नास डॉलर, स्वतः कफल्लक असताना, त्यांनी शिकागोच्या आगीत सर्वस्व गमावलेल्यांना देऊन टाकले. त्यांच्या गाण्याच्या कमाईतून पुढे उभ्या राहिलेल्या ज्युबिली हॉल या इमारतीपेक्षा मला हीच देणगी मोठी वाटते.

विद्यार्थ्यांनीच तारलेल्या या संस्थेची सूत्रे मात्र दीर्घकाळ गोऱ्यांच्या हाती होती. १९२५ साली जाचक नियमांविरुद्ध विद्यार्थ्यांनी संप केला, तेव्हा फिस्कचेच १८८८चे पदवीधर, कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉइस, त्यांच्या पाठीशी होते. अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. तरी पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष, चार्ल्स जॉन्सन, निवडले गेले ते १९४६ साली.

आता आपल्या नागपूरचा धागा. जेम्स लॉसन हे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे तरुण कृष्णवर्णीय अमेरिकी १९५३ ते १९५६ या काळात आपल्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत होते. पुढे नॅशव्हिलमध्ये त्यांनी फिस्क व इतर कॉलेजांतील मुलांच्या तालमी घेतल्या: एकाने शिव्या द्यायच्या, धक्के मारायचे, आणि दुसऱ्याने हात न उचलता बसून राहायचे. फेब्रुवारी १९६०मध्ये ही मुले केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसली. एप्रिलात त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला, त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा निघाला आणि फिस्कच्या डायन नॅशने महापौरांना भर चौकात विचारले, हा भेदभाव तुम्हाला योग्य वाटतो का? महापौरांनी नाही म्हटले, आणि मे महिन्यात ती उपाहारगृहे सर्वांना खुली झाली.

तुझे,
बाबा