पोरं गावात राहिली, तुमच्यामुळे

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीवरून ऊसतोडीला कोयते, म्हणजे तोडणी करणारी जोडपी, निघतात. कोल्हापूर, सांगली, थेट कर्नाटकापर्यंत. मागे सांभाळणारं कुणी नसेल तर पोरंही ट्रॅक्टरवर चढतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत शाळा तुटते. यंदा बरीच पोरं मागे राहिली. आम्हा शिक्षकांच्या एकट्यानं हे झालं नसतं.

पहिले आभार आज्यांचे. गुडघे धरलेले असताना पहाटे चुलीवर पाणी तापवून, नातीची तेल-फणी करून तुम्ही तिला वेळेवर शाळेत धाडता. शेजारच्या लेकराला आपल्या पोरांच्या पंगतीत बसवणाऱ्या मावश्यांनो, तुमचं ऋण फिटायचं नाही. व्हरांड्यात स्वेटरचं गाठोडं ठेवून नाव न सांगता गेलेल्या दात्याचेही आभार. मजुरांची टोळी नेणारे काही मुकादम संध्याकाळी फडातून आठवणीनं फोन लावून देतात. आईला सतराचा पाढा ऐकवायला पोर दिवसभर थांबलेलं असतं. आणि स्थलांतरात दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं शिक्षण हमी कार्ड पाहून आमच्या सोबत गेलेल्या मुलांना तिकडे आपल्या वर्गात बसवून घेणाऱ्या, कधीही न भेटलेल्या गुरुजी-बाईंनो, तुम्ही आमचेच.

सर्वांना नववर्षाच्या आणि येत्या संक्रांतीच्या मनापासून शुभेच्छा. तिळगूळ घेऊन पोरं घरोघरी येतीलच.