रात्री फांदी आखडते की नुसती दिसेनाशी होते?

पाषाण, पुणे
१२ जुलै

प्रिय सुहास,

तुझी चित्रं मिळाली. फळमाशीच्या मेंदूतल्या छोट्या घड्याळ-पेशींच्या (दिवस-रात्रीची लय राखणाऱ्या चेतापेशींच्या) टोकांच्या फांद्या सकाळी पसरलेल्या, रात्री मिटलेल्या. चित्रं सुंदरच आहेत. पण एवढ्यावर निष्कर्ष काढू नकोस. तू पीडीएफला, म्हणजे या पेशींतल्या संदेशवाहक पेप्टाइडला, चिकटून ते दाखवणारी अँटिबॉडी लावली आहेस, आणि या टोकांमधलं पीडीएफच सकाळी भरपूर आणि संध्याकाळी कमी असतं. फांदी खरंच आखडली, की जागेवर असून आतलं पीडीएफ सरल्यामुळे दिसेना, हे त्यावरून कळणार नाही.

म्हणूनच ब्यूनोस आयर्समधल्या सेरियानींच्या संशोधक गटाने २००८च्या कामात पेशीच्या पटलात बसणारं सीडी८-जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन वापरलं होतं. अखंड अंधारातही त्यांना तोच फेर दिसला, आणि घड्याळ चालवणारं पिरियड किंवा टाइमलेस जनुक निकामी असलेल्या माश्यांत तो गेला. तूही पीडीएफ-गॅल४ने (पीडीएफ बनवणाऱ्या पेशींतच हवं ते जनुक चालू करणाऱ्या साधनाने) हेच जीएफपी आण आणि पिरियड जनुक निकामी असलेल्या माश्या तुलनेला सोबत ठेव.

माश्या २५ अंशांवर, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार, निदान चार दिवस. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी दोन तास वीज गेली तर तबकडीचा टायमर तेवढा वेळ थांबतो, मग दिवा दोन तास उशिरा विझतो आणि माशीचं घड्याळ सरकायला लागतं. बॅटरीवर चालणारा डिजिटल टायमर घे, आणि दिवा यूपीएसवर टाक. इन्क्युबेटरच्या दाराच्या फटीतून येणारा उजेडही तपास.

दिवा लागल्यावर २ तासांनी एक गट, १४ तासांनी दुसरा. दुसरा अंधारात येतो, तेव्हा माश्या मंद लाल दिव्यात काढून लगेच बर्फावर. पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये मेंदू दोन्ही गटांचे अगदी तेवढीच मिनिटं ठेव. कव्हरस्लिपखाली दोन्ही बाजूंना आधार दे, नाहीतर मेंदू चेपून फांद्या उगाच पसरलेल्या दिसतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा लेसर आणि गेन (चित्र किती उजळ येईल ते ठरवणारा आकडा) एकदा ठरवला की रात्रीचं चित्र फिकट आलं तरी वाढवायचा नाही.

मोजताना पहिली फांदी फुटते तिथे केंद्र धर, १०-१० मायक्रॉनवर वर्तुळं काढ आणि प्रत्येकाला किती फांद्या छेदतात ते मोज. एकमेकींवरून गेलेल्या फांद्या सपाट चित्रात एकच वाटतात. शंका आली की सूक्ष्मदर्शकाने एकेका खोलीवर घेतलेले मूळ थर उलगडून बघ.

नवीन चित्रं मलाही पाठव, मी वेगळी मोजतो. फक्त फाइलच्या नावातून वेळ काढून टाक, म्हणजे कोणतं चित्र सकाळचं हे मला मोजताना कळणार नाही.

तुझा,
अनिरुद्ध