डॉ. पां. वा. सुखात्मे यांना अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉ. सुखात्मे,
सादर प्रणाम.

पदवीच्या पहिल्या वर्षाला सॅम्पलिंग (नमुना निवडणं) शिकवायचं म्हटलं की पुस्तकं पिशवीतल्या रंगीत गोळ्यांपासून सुरुवात करतात. आमच्या वर्गात त्या जागी पीक कापणी प्रयोग (शेताचा ठरावीक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज घेणं) असतो, तो आपल्यामुळे. १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत असताना आपण एक साधा दिसणारा प्रश्न लावून धरलात: शेतातला किती मोठा तुकडा कापायचा? कॉन्फिडन्स इंटरव्हलला, म्हणजे खऱ्या सरासरीसाठी नमुन्यावरून काढलेल्या हद्दीला, काय कळतं आणि काय कळत नाही, हे या प्रश्नाइतकं स्वच्छ दुसऱ्या कशानेच समजावता येत नाही.

वर्गासाठी आकडे आम्हीच रचतो. एका महसूल मंडळात सोयाबीनचे १० प्लॉट, प्रत्येकी ५ बाय ५ मीटर. वाळवलेल्या दाण्यांची सरासरी ३.६ किलो, प्रमाण विचलन (प्लॉटाप्लॉटातला चढउतार) ०.८ किलो. स्टँडर्ड एरर (सरासरीतली संभाव्य चूक) काढायला ०.८ ला १० च्या वर्गमुळाने भागायचं, येतात ०.२५३. नमुना लहान आहे, म्हणून ९५ टक्क्यांच्या हद्दीसाठी नेहमीचा १.९६ न घेता ९ डिग्रीज ऑफ फ्रीडमचा (प्लॉटांपेक्षा एक कमी) टी हा कोष्टकातला गुणक घ्यायचा, २.२६२, आणि त्याने स्टँडर्ड एररला गुणायचं. दोन्ही हेक्टरी करायला ४०० ने गुणलं की १,४४० किलो, अधिक-उणे २२९. म्हणजे १,२११ ते १,६६९.

इथे निम्मा वर्ग म्हणतो, ‘९५ टक्के शेतांचं उत्पन्न या हद्दीत आहे.’ छे! शेताशेतातला फरक याहून कितीतरी मोठा. ही हद्द मंडळाच्या सरासरीसाठी आहे. शिवाय ९५ टक्के ही पद्धतीची हमी. अशीच १०-१० शेतं पुन्हा पुन्हा निवडत गेलो, तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरी सरासरी हद्दीत सापडेल.

एवढं गोळ्यांनीही शिकवता आलं असतं. पुढचं नाही.

दोरी ताणून प्लॉट आखला की कडेवरची झाडं आत धरायची की बाहेर, हा निर्णय कापणाऱ्याच्या हातात. हात बहुधा आत धरण्याकडेच झुकतो. समजा चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त कापलं गेलं. ५ मीटरचा चौरस ५.१ चा होतो, क्षेत्र ४ टक्क्यांनी वाढतं. प्लॉट १ मीटरचा असेल तर तो १.१ चा होतो आणि क्षेत्र थेट २१ टक्क्यांनी वाढतं! मग १,४४० च्या जागी १,७४२ दिसू लागतात. प्लॉट ४० केले, ४०० केले, तर इंटरव्हल आक्रसत जातो, पण १,७४२ भोवतीच. सूत्रातल्या वर्गमुळाला बायस (एकाच दिशेने होणारी चूक) दिसत नाही. लहान प्लॉट उत्पन्न फुगवून दाखवतात, हे आपण १९४६ मध्ये मांडलंत. संख्याशास्त्रज्ञ प्र. चं. महालनोबिसांशी त्यावरून झालेला वाद आमचे विद्यार्थी मिटक्या मारत ऐकतात.

म्हणून प्रात्यक्षिकात गणिताआधी दोरी येते. प्लॉटचा नैऋत्य कोपरा रँडम आकड्यांनीच ठरवायचा. आडवं पडलेलं पीक आलं तर सरकायचं नाही. कर्ण मोजायचा. तो ७ मीटर ७ सेंटिमीटर भरला नाही तर चौकोन तिरका आहे, क्षेत्र २५ चौरस मीटरपेक्षा कमी. ताणली जाणारी नायलॉनची दोरी नकोच.

एक गाठ मात्र आम्ही दुसऱ्या सत्रापर्यंत सोडवत नाही. ती १० शेतं ५ गावांत दोन-दोन अशी घेतली असतील, तर एकाच गावची माती-पाऊस सारखे असल्याने ती १० स्वतंत्र निरीक्षणं धरता येत नाहीत. गावांच्या ५ सरासऱ्या घेऊन, ४ डिग्रीज ऑफ फ्रीडमचा २.७७६ वापरून हद्द पुन्हा काढायला सांगतो. बहुतेकदा ती रुंदावते, आणि वर्ग कुरकुरतो.

मनःपूर्वक आभार.

आपले नम्र,
संख्याशास्त्राचे काही शिक्षक