खाड्यांच्या वहीत सापडलेला मधुमेह

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाची आपली पुरवणी वाचली. पहाटे फिरायला जा, भात कमी करा, चहात साखर नको. सगळं बरोबर आहे. आमच्या ह्यांना शुगर निघाल्यापासून आठ वर्षं घरात हेच चालू आहे. पण माझ्या एका मेंबरचा त्या चार पानांत कुठे पत्ता नव्हता, म्हणून हे पत्र.

मी गंगापूर रोडला एकवीस वर्षं खाणावळ चालवते. चाळीस-पंचेचाळीस मेंबर. पेठ, सुरगाणा, सटाणा, नांदगाव अशा गावांहून नाशिकला शिकायला आलेली पोरं. त्यातलाच हा एक, कळवणकडचा, एस. वाय. ला. दहावीत असताना त्याला टाइप १ मधुमेह निघाला. नाव लिहीत नाही. पत्र लिहायला त्याने हो म्हटलं ते याच अटीवर.

गेल्या मार्चमध्ये ऊन तापायला लागलं तेव्हा एका दुपारी सगळे जेवून गेल्यावर तो मागे थांबला. "मावशी, तुमच्या फ्रिजमध्ये एक डबी ठेवू का?" प्लॅस्टिकची चिवड्याची डबी, आत इन्सुलिनची कार्ट्रिजेस. रूमवर फ्रिज नाही. बर्फाच्या कप्प्याला मात्र टेकवू नका म्हणाला, गोठलं की वाया जातं. आठ महिने हा पोरगा माझ्याकडे दोन वेळ जेवत होता आणि मला काही माहीत नव्हतं. जिन्याखालच्या संडासात जाऊन इंजेक्शन घ्यायचा, मग हात धुऊन रांगेत उभा राहायचा. इन्सुलिनचं पेन कंपासपेटीत.

घरात शुगर असल्यामुळे मला वाटलं, आपल्याला यातलं सगळं कळतं. पाडव्याला श्रीखंड-पुरीचा बेत होता. वाढत वाढत त्याच्या ताटापाशी आले आणि भरल्या पंगतीत म्हणाले, "तुला नाही रे बाळा, तुला शुगर आहे ना." शेजारचा लगेच म्हणाला, "एवढ्याशा वयात? लहानपणी चॉकलेटं हाणली असतील." सगळे हसले, तोही हसला. पुरी-भाजी खाऊन उठला. मी मनात म्हटलं, गुणी पोर, हट्ट केला नाही.

खाडा म्हणजे काय, हे मेसवर दिवस काढलेल्या माणसाला सांगायला नको. न जेवलेल्या वेळेचे पैसे वळते करायचे म्हणून मी वही ठेवते. त्याचे महिन्याला दोन-तीन खाडे असायचे, तेही गावी गेला तर. एप्रिलमध्ये तेरा झाले. मला वाटलं, दुसरीकडे मेस लावली असेल. माझ्या डोक्यात हिशेब पैशांचाच.

मग एका रात्री साडेनऊला दार वाजलं. हा चौकटीला धरून उभा. शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरतायत, शब्द नीट येईनात. खालचा वॉचमन मागून म्हणाला, "पिऊन आलाय, ताई." पण ह्यांचं एकदा असं झालेलं मी पाहिलं होतं. त्याच्याच मीटरवर बोट टोचलं, ५२ आली. ७० च्या खाली गेली की थांबायचं नसतं. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, ८४. मग वरण-भात वाढला. इंजेक्शन घेऊन बसला होता, डबा आणतो म्हणून गेलेला रूममेट आला नाही आणि रूमवरचा बिस्किटांचा पुडा संपलेला.

भात खाताखाता रडायला लागला. म्हणाला, "मावशी, सुयांचं काही वाटत नाही. दिवसभर आकडे मोजायचे. पोळ्या किती, भात किती, आज सीबीएस बसस्टँडपासून चालत आलो तर दोन युनिट कमी करू का. परीक्षा आली की काही न खाता दोनशेच्या वर जाते, टेन्शननेच. आणि घरून फोन आला की पहिला प्रश्न, किती आली? जेवलास का, असं आई आता विचारतच नाही. मी रोज सांगतो, सव्वाशे." मी विचारलं, खरी किती असते? तर म्हणाला, आठवडाभर पाहिलीच नाही. पाडव्यानंतर लोकांसमोर जेवायलाच नको वाटायचं. मग बिस्किटांवर राहायचं आणि कधी रात्रीचं इंजेक्शनच टाळायचं. हे फार वाईट. टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीर स्वतःच मारून टाकतं. चॉकलेटांचा काही संबंध नाही. जेवलं नाही तरी थोडं इन्सुलिन लागतंच, नाहीतर रक्तात आम्ल वाढून माणूस दवाखान्यात पोचतो. "या आजाराला खाडा नसतो, मावशी," म्हणाला आणि स्वतःच हसला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या डॉक्टरांकडे मीच सोबत गेले. त्यांनी याला डायबेटीस डिस्ट्रेस असं नाव सांगितलं. आजार सांभाळून सांभाळून आलेला थकवा. तो आळस नव्हे, आणि प्रत्येक वेळी डिप्रेशनच असतं असंही नाही. पण कुणी विचारलंच नाही तर पोरगं तिकडे सरकू शकतं. साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट बाजूला ठेवून त्या बाईंनी आधी विचारलं, "झोप लागते का?" मला वाटतं त्या दिवशी अर्धं काम तिथेच झालं. मनावर ताण आला तर फोनवर बोलायला सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. तो नंबर मी खाड्यांच्या वहीशेजारी भिंतीवर चिकटवलाय. त्याने लावला का, मी विचारलेलं नाही.

आता मुख्य गाऱ्हाणं. सध्या सत्र परीक्षा चालू आहेत. मागच्या परीक्षेला हॉलच्या दारात त्याचा मीटर आणि ग्लुकोजच्या गोळ्या काढून घेतल्या. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पर्यवेक्षक म्हणाले, नियम नियम आहे. तीन तास तो पेपर कमी आणि स्वतःचे हात जास्त बघत होता, थरथरतायत का म्हणून. सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना गोळ्या, फळं, पाणी आत न्यायला परवानगी दिली आहे. म्हणजे बारावीच्या पोराला जे मिळतं ते पदवीच्या पोराला पर्यवेक्षकाच्या मर्जीवर. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ, दोघांची मुख्यालयं आपल्या नाशकात. बाकीची बरीच कॉलेजं पुणे विद्यापीठाची. तिघांनी हॉल तिकिटाच्या मागे अशाच परवानगीची एक ओळ छापावी, म्हणजे पोरांना दारात दहा जणांसमोर आजार उलगडून सांगावा लागणार नाही. वसतिगृहाच्या रेक्टरला तीन चमचे साखरेची गोष्ट ठाऊक असावी. शिवाय शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना, हेही.

त्यानेच मला सांगितलं की १४ नोव्हेंबर हा इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांचा जन्मदिवस. १९२१ मध्ये टोरांटोत शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा टोचलं एका चौदा वर्षांच्या मुलाला. दिवस पोराचा आणि पुरवणी आजोबांची, असं म्हटलं तर रागावू नका.

आता तो ताट हातात आल्यावर, स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाकावर बसूनच पेन काढतो. मी तिकडे बघत नाही, पण पेनाची टकटक ऐकू येते, एक युनिट एक टक. दिवाळीहून येताना आईने माझ्यासाठी करंज्या पाठवल्या होत्या. त्यातली एक त्याने माझ्यासमोर खाल्ली, दोन टक जास्त फिरवून. त्याच्या आईशी मी फोनवर बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, आई माणूस आहे, तिचीही झोप उडालेली असते.

या महिन्यात त्याच्या नावावर आजवर एकच खाडा आहे, रविवार सकाळचा. मित्रांबरोबर मिसळ खायला गेला होता. जिलबीही खाल्ली म्हणे.

आपली,
एक खाणावळवाली,
गंगापूर रोड, नाशिक