कुपोषित मुले कागदावरून नाहीशी का होतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंगणवाडी सेविकांच्या मानधनाविषयी वृत्तपत्रांत वरचेवर लिहिले जाते. त्यांचे वरिष्ठ त्यांच्याशी कसे बोलतात, याविषयी मात्र क्वचितच. मेळघाटात मी अनेक वर्षे मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाडी सेविकांच्या कामावर देखरेख करणारी, होते, त्यामुळे या नात्याच्या दोन्ही बाजू मी अनुभवल्या आहेत.

मासिक आढावा बैठकीत ज्या गावात तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’, मुलांची संख्या वाढलेली दिसे, तिथल्या सेविकेला सर्वांसमोर उभे करून जाब विचारला जाई. पावसाळ्यात घरातले धान्य सरत आलेले असते, आईबाप दिवसभर निंदणाला गेलेले असतात, मुलांना हगवण लागते, तेव्हा ही संख्या वाढणारच. तरी दोष सेविकेचा ठरे. एकदा वरिष्ठांची बोलणी खाऊन आल्यावर मीही एका ज्येष्ठ सेविकेला भर बैठकीत फार कठोर बोलले. पुढच्या महिन्यात तिच्या अहवालात सॅम मूल एकही नव्हते आणि मी समाधानाने सही केली. नंतर गृहभेटीत एका बाळाच्या दंडाला टेप लावली, तेव्हा घेर 11 सेंटिमीटरही भरला नाही. 11.5 च्या खाली मूल तीव्र कुपोषित धरतात. सेविका खाली मान घालून म्हणाली, “मॅडम, खरं लिहलं तं सगळ्यायसमोर बोलणं खा लागते.”

अहवालात नाव नाही म्हणून त्या बाळाला ग्राम बाल विकास केंद्रातला जादा आहार मिळाला नव्हता आणि डॉक्टरांची तपासणीही झाली नव्हती. माझ्या एका वाक्याची ती किंमत होती आणि ती मी भरली नाही, त्या लेकराने भरली.

2021 पासून नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी मोबाइल अॅपवर होतात, पण धाकापोटी वाढवून लिहिलेले वजन मोबाइलही मुकाट्याने स्वीकारतो. सेविका आजही मानधनावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी बैठकीत तिने उलट बोलण्याची सोय नाही.

जिल्हा परिषदांना माझी कळकळीची विनंती आहे, की केवळ सॅम संख्या वाढली म्हणून कोणत्याही सेविकेला नोटीस देऊ नये किंवा चारचौघांत बोलू नये. मुख्यसेविकेने दरमहा काही मुलांची मोजमापे सेविकेसोबत बसून पुन्हा घ्यावीत आणि संख्या वाढलेल्या गावाला आधी आहार व डॉक्टर पोहोचवावेत. येत्या पावसाळ्यातल्या पहिल्याच बैठकीपासून हे करता येईल, त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

आपली,
एक सेवानिवृत्त मुख्यसेविका, जि. अमरावती